झोपेसाठी घेतलेली अश्वगंधा आणि उडालेली झोप : पुण्यातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातील माझ्या आयुर्वेद चिकित्सालयातील आहे. रुग्णेच्या संमतीने ते लिहीत असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लेखात त्यांचा उल्लेख 'श्रीमती अ.' असा केला आहे. वय ४१, एका खाजगी कंपनीच्या हिशेब विभागात जबाबदारीची जागा, घर कोथरूडला, कचेरी हिंजवडीला, मुलगा दहावीत आणि घरात पंचाहत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. सहा वर्षांपूर्वी थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावल्याचे निदान झाले होते आणि तेव्हापासून त्या रोज सकाळी उपाशीपोटी ७५ मायक्रोग्रॅम थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडच्या संप्रेरकाची, गोळी न चुकता घेत होत्या. आदल्या दिवाळीत केलेल्या तपासणीत टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारे संप्रेरक; थायरॉक्सिन कमी पडले की ते वाढते, जास्त झाले की उतरते) २.८ आले होते, म्हणजे गोळीचे प्रमाण नीट बसलेले होते. हा आकडा पुढे फार उपयोगी पडला.

झोपेची तक्रार त्या हिवाळ्यातली. साडेअकराला अंथरुणाला पाठ टेकली तरी एक वाजेपर्यंत डोळा लागत नसे आणि पहाटे चारला जाग आली की डोक्यात कामाची यादी सुरू होई. दिवसाला पाच कप चहा होत असे आणि त्यातला शेवटचा संध्याकाळी सातच्या सुमारास, घरी परतल्यावर, सासूबाईंच्या सोबतीने. शरीरातील कॅफिन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे अंथरुणात शिरताना त्या कपातले जवळजवळ अर्धे कॅफिन अंगात शिल्लक असे. कामावरही त्याचा परिणाम दिसू लागला. एका महिन्याच्या जीएसटी विवरणपत्रात एकच बीजक दोनदा धरले गेले आणि वरिष्ठांनी ते सगळ्यांसमोर दाखवून दिले. त्यांना झोपेपेक्षाही ती चूक जास्त लागली होती.

वनस्पती घरात कशा आल्या

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एका सहकारी मैत्रिणीच्या सांगण्यावरून त्यांनी अश्वगंधेच्या कॅप्सूल ऑनलाइन मागवल्या. त्यांत मुळाचा घन अर्क होता, दिवसाला एकूण ६०० मिलिग्रॅम. पहिले दोन-तीन आठवडे त्यांना खरोखर बरे वाटले आणि हे मी मुद्दाम नोंदवते, कारण त्या वाटण्यामुळेच पुढचा विश्वास बसला. फेब्रुवारीत एकाग्रतेसाठी ब्राह्मी आणि शंखपुष्पीच्या एकत्र गोळ्या आल्या. त्याच खरेदीत केस गळतात म्हणून बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्याही आल्या, एका गोळीत १०,००० मायक्रोग्रॅम बायोटिन असलेल्या.

सासूबाईंनी आपल्या परीने दोन गोष्टी केल्या. रात्री सहाणेवर दुधाच्या थेंबात जायफळाचे पाच-सहा वेढे उगाळून ते पेलाभर कोमट दुधात घालून त्या सुनेला देऊ लागल्या, आणि रविवार पेठेतील काष्ठौषधींच्या दुकानातून वाळलेली 'ब्राह्मी' आणून तिचा काढा सकाळी ठेवू लागल्या. यातली प्रत्येक गोष्ट मायेने आलेली होती, आणि एकटी असती तर कदाचित कोणालाच काही झाले नसते.

मार्चच्या सुरुवातीला झोप पुन्हा बिघडली. अश्वगंधा कमी पडते आहे असा अर्थ लावून श्रीमती अ. यांनी कॅप्सूल दुप्पट केल्या, म्हणजे दिवसाला १२०० मिलिग्रॅम.

अडचण

मार्चच्या मध्यापासून त्यांना धडधड होऊ लागली, तीही बसल्या जागी. हात कापू लागले. चेकवर सही करताना ते सहकाऱ्यांच्या लक्षात आले. भूक वाढूनही वजन तीन किलोंनी उतरले, पंखा लावूनही घाम येई आणि झोप तीन-साडेतीन तासांवर आली. हे दिवस मार्चअखेरचे असल्याने घरच्यांनी, कचेरीने आणि त्यांनी स्वतःही सगळे ताणाच्या खात्यावर टाकले.

पहिली भेट आणि माझ्याकडून सुटलेली गोष्ट

त्या माझ्याकडे आल्या त्या 'यापेक्षा जोरदार काहीतरी' मागायला. मी विचारले, "सध्या कोणती औषधे चालू आहेत?" त्यांनी उत्तर दिले, "औषध असे फक्त थायरॉइडची गोळी, मॅडम. बाकी काही नाही."

त्या खोटे बोलल्या नव्हत्या. त्यांच्या कॅप्सूलच्या डबीवर औषधाचा परवाना क्रमांक नव्हता. तिथे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक होता आणि त्याच्याजवळच, अशा पूरक आहारावर छापणे बंधनकारक असलेली, 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ होती. जी वस्तू स्वतःच सांगते की मी औषध नाही, तिचे नाव 'औषधे कोणती' या प्रश्नाच्या उत्तरात येणार नाही. सासूबाईंचा काढा आणि जायफळ तर स्वयंपाकघरातले. प्रश्न माझा होता आणि तो अपुरा होता.

नाडी मिनिटाला १०४ लागली. ती मी केसपेपरवर लिहिली आणि पुढे 'चिंता, रात्रीजागरण, वातवृद्धी' असे लिहून मोकळी झाले. चहा कमी करण्याचा सल्ला, तळपायांना तेल आणि रात्री झोपेसाठी जटामांसी या वनस्पतीचा फांट (गरम पाण्यात भिजवून गाळलेले पाणी), एवढे मी सांगितले. थायरॉक्सिन घेणाऱ्या रुग्णेचे वजन उतरले आहे, हात कापतात आणि नाडी जलद आहे, ही तीन लक्षणे एकत्र ठेवून मी तेव्हाच रक्ततपासणी मागायला हवी होती. मी ती मागितली नाही आणि आधीच्या पाच पदार्थांत माझ्या सहाव्याची भर घातली.

आठवड्याने त्यांच्या फॅमिली डॉक्टरांनी तपासणी करून घेतली. टीएसएच ०.०६, म्हणजे ०.४ या सर्वसाधारण खालच्या मर्यादेच्या कितीतरी खाली. फ्री टी४, म्हणजे रक्तातले मोकळे थायरॉक्सिन, वरच्या मर्यादेच्या पुढे. ईसीजीत हृदयाची लय नियमित पण वेगवान, मिनिटाला १०८. डॉक्टरांच्या मते थायरॉक्सिनचे प्रमाण जास्त होत होते आणि गोळी ५० मायक्रोग्रॅमवर आणावी, असे त्यांनी सुचवले. त्यांच्यासमोर जी माहिती होती तिच्या आधारे हा निर्णय बरोबरच होता. श्रीमती अ. यांनी मला दूरध्वनी करून विचारले की गोळी कमी करू का. मी म्हटले, "आज काहीच बदलू नका. फक्त जटामांसी थांबवा आणि उद्या येताना घरात जे जे पोटात जाते ते सगळे पिशवीत घालून आणा, डबे, पुड्या, बाटल्या, सगळे. सासूबाईंनाही घेऊन या."

पिशवी

दुसऱ्या दिवशी टेबलावर कापडी पिशवी रिकामी झाली तेव्हा पहिल्यांदा संपूर्ण चित्र समोर आले. कॅप्सूलच्या डबीवर मुळाचा अर्क असल्याचे आणि त्यात पाच टक्के विथेनोलाइड, म्हणजे अश्वगंधेतले क्रियाशील घटक, असल्याचे लिहिले होते. आयुर्वेदीय औषधिकोशात अश्वगंधेच्या चूर्णाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम दिली आहे. अर्काची कॅप्सूल वजनाने त्याच्या एक-दशांश भासली तरी ती संहत वस्तू आहे आणि दुधातून घेतलेल्या चमचाभर चूर्णाचा अनुभव तिला लागू करता येत नाही. 'आमच्याकडे पूर्वीपासून घेतात' हे वाक्य चूर्णाबद्दल खरे असते. तेच कॅप्सूलला लावले की गफलत होते.

सासूबाईंची पुडी मी कागदावर पसरली. वाळून चुरगळलेली पाने पाण्यात भिजवली तेव्हा ती उलगडली: गोलसर, देठाशी खाच असलेली, मूत्रपिंडाच्या आकाराची, कडेला बोथट दाते. ती मंडूकपर्णी होती, कोकणात जिला कारिवणा म्हणतात ती. नीरब्राह्मीची पाने बारीक, मांसल, देठाविना समोरासमोर लागलेली आणि टोकाकडे रुंद असतात. वनस्पतिशास्त्रात पहिली सेंटेला एशियाटिका आणि दुसरी बाकोपा मोनिएरी. दोन्ही वेगवेगळ्या कुळांतल्या, पण महाराष्ट्राच्या बाजारात दोन्हींना ब्राह्मी हेच नाव चालते. चरकाने मेध्य रसायन, म्हणजे बुद्धी-स्मृतीला पोषक, म्हणून सांगितलेल्या चार वनस्पतींत मंडूकपर्णी आहे, त्यामुळे सासूबाईंची निवड परंपरेला धरूनच होती. अडचण एवढीच की सुनेच्या गोळीतली ब्राह्मी बाकोपा होती. दोघींनाही वाटत होते की एकच वस्तू दोन रूपांत जाते आहे, प्रत्यक्षात दोन निराळ्या वनस्पती रोज पोटात जात होत्या. शंखपुष्पीची कथाही अशीच आहे. तिच्या नावाखाली किमान तीन वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात आणि त्यांतली एक आपली गोकर्ण.

सासूबाई गप्प बसून होत्या. मग म्हणाल्या, "माझ्या काढ्यानं झालं का हो हे?" मी त्यांना सांगितले की तसे मला वाटत नाही, आणि जायफळ तर जवळजवळ नक्कीच निर्दोष आहे, कारण उगाळलेल्या पाच-सहा वेढ्यांत ते चिमूटभरही येत नाही, चमचाभर जायफळपूड खाल्ली तर मात्र ते विषारी ठरते. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरला. हे सांगणेही उपचाराचाच भाग होता असे मी मानते, कारण घरात दोषारोप सुरू झाला की पुढच्या वेळी पिशवीतून काही गोष्टी वगळल्या जातात.

संशय कोणावर आणि का

माझा मुख्य संशय अश्वगंधेवर होता. थायरॉइडचे काम किंचित मंद असलेल्या ५० रुग्णांवर झालेली आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेली एक छोटी चाचणी आहे. तीत रोज ६०० मिलिग्रॅम मुळाचा अर्क आठ आठवडे दिल्यावर टी३ व टी४ ही थायरॉइडची संप्रेरके वाढली आणि टीएसएच उतरले. ज्याला बाहेरून थायरॉक्सिन मिळत नाही त्याला हा गुण वाटेल. ज्याचा डोस आधीच काटेकोर बसलेला आहे त्याच्या बाबतीत हीच वाढ जास्तीची ठरते, आणि त्यातून होणारा त्रास म्हणजे धडधड, कंप आणि निद्रानाश. झोपेसाठी घेतलेली वस्तू झोप उडवते, झोप उडाली म्हणून ती वाढवली जाते, आणि वाढवली म्हणून झोप आणखी उडते, असे चक्र येथे फिरत होते. ब्राह्मीही पूर्ण मोकळी नव्हती. उंदरांवरील प्रयोगांत बाकोपाच्या अर्काने टी४ वाढल्याची नोंद आहे, माणसांबाबत मात्र त्यावरून काही ठरवता येत नाही.

तिसरी शक्यता सर्वांत फसवी होती, ती बायोटिनची. थायरॉइडच्या रक्ततपासणीच्या अनेक पद्धतींत बायोटिनचाच एक धागा वापरलेला असतो. रक्तात बायोटिन फार असेल तर यंत्र टीएसएच खोटेच कमी आणि टी४ खोटेच जास्त दाखवू शकते. म्हणजे समोरचा ०.०६ हा आकडा काही अंशी केसांच्या गोळीने तयार केलेलाही असू शकत होता. लक्षणे खरी होती, आकड्याची खात्री नव्हती.

पर्याय

मी रुग्णेसमोरच फॅमिली डॉक्टरांना दूरध्वनी केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पुढचा अर्धा तास आम्ही पर्याय तोलले.

पहिला पर्याय म्हणजे ठरल्याप्रमाणे थायरॉक्सिन कमी करणे. त्यात धोका असा की अश्वगंधा पुढे कधीही बंद झाली असती, डबी संपल्यामुळे का होईना, तर कमी केलेली गोळी अपुरी पडली असती आणि रुग्णा दोन महिन्यांनी उलट्या टोकाला, थकवा आणि मंदपणाकडे गेली असती. शिवाय गोळी आणि वनस्पती एकदम बदलल्या तर काय कशाने झाले हे कधीच कळले नसते.

दुसरा पर्याय फक्त अश्वगंधा थांबवून बाकी चालू ठेवण्याचा. श्रीमती अ. यांना तो हवा होता, कारण ब्राह्मीने लक्ष लागते असे त्यांना वाटत होते. तिसरा पर्याय सर्वच वनस्पती आणि बायोटिन थांबवून गोळी आहे तशी ठेवण्याचा. त्यात पुढचे काही आठवडे धडधड सहन करावी लागणार होती, आणि वेगवान नाडी तशीच सोडून देणे डॉक्टरांना मान्य नव्हते, ते योग्यच होते. अश्वगंधेच्या जागी तगर किंवा जटामांसी देणे हा चौथा पर्याय मीच आठवडाभरापूर्वी नकळत वापरून बसले होते. जटामांसीबद्दल आणखी एक गोष्ट मला टोचते: ही हिमालयातली वनस्पती आज नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर आहे आणि ज्या झोपेचा प्रश्न चहा व घड्याळाने सुटू शकतो तिच्यासाठी ती उपटली जाऊ नये.

आम्ही तिसरा पर्याय घेतला, दोन जोडण्यांसह. नाडीचा वेग आवरणारी गोळी डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी दिली, आणि बायोटिन थांबवून पाच दिवसांनी रक्ततपासणी पुन्हा करायची ठरली. सोबत यकृताची तपासणीही मागितली, कारण अश्वगंधेच्या अर्काने काविळीसह यकृताला इजा झाल्याची प्रकरणे नोंदवली गेली आहेत. गर्भधारणा नसल्याचीही खात्री करून घेतली.

काय केले

पाच दिवसांनी टीएसएच ०.११ आले आणि फ्री टी४ वरच्या मर्यादेच्या किंचित पुढे. म्हणजे बिघाड खरा होता. पहिल्या अहवालात बायोटिनचा थोडा हात असावा, पण मूळ गोष्ट त्याने निर्माण केलेली नव्हती. यकृताचे आकडे ठीक होते.

मग झोपेचे काम हाती घेतले, आणि ते वनस्पतीशिवाय. उठण्याची वेळ रविवारीसुद्धा सहा. शेवटचा चहा दुपारी दोनला. सातच्या चहाची जागा सासूबाईंच्या सोबतीसाठी जिरे-धण्याच्या गरम पाण्याने घेतली, कारण त्या दोघींची ती वेळ मोडायची नव्हती. अंथरुणात शिरायचे ते झोप आल्यावरच, आणि साधारण वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून बाहेरच्या खोलीत मंद दिव्यात बसायचे. हीच पद्धत निद्रानाशाच्या वर्तनोपचाराचा गाभा आहे, आणि अमेरिकेतील डॉक्टरांच्या एका प्रमुख संघटनेने २०१६ साली जुनाट निद्रानाशासाठी तोच उपचार सर्वांत आधी करावा अशी शिफारस केली. आयुर्वेदातून मी एकच गोष्ट ठेवली, रात्री काशाच्या वाटीने तळपायांना तूप चोळणे. ती पोटात जात नाही आणि दहा मिनिटे माणसाला एका जागी बसवते.

पहिला आठवडा कठीण गेला. चौथ्या रात्री अडीच वाजता त्यांचा संदेश आला, "मॅडम, एकच कॅप्सूल घेऊ का?" सकाळी मी त्यांना समजावले की थायरॉक्सिन शरीरात निम्मे व्हायलाच सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे आज थांबवले आणि उद्या बरे वाटले असे होणार नाही. एवढे हिशेबी कारण मिळाल्यावर त्या थांबल्या. हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते.

परिणाम

अडीच आठवड्यांत धडधड थांबली आणि डॉक्टरांनी नाडीची गोळी बंद केली. सहा आठवड्यांनी टीएसएच १.९, नाडी ७८, आणि थायरॉक्सिनची गोळी तीच, ७५ मायक्रोग्रॅम. झोप हळूहळू सहा तासांच्या पुढे गेली. लक्ष न लागण्याची तक्रार वेगळा उपाय न करताच बरीच ओसरली. ब्राह्मीच्या अर्कावरच्या चाचण्या बहुधा बारा आठवड्यांच्या असतात, तेव्हा काही दिवसांत लक्ष लागू लागल्याचे श्रेय त्या गोळ्यांना देणे तसेही अवघड होते.

हे अश्वगंधेनेच झाले का? 'बहुधा' एवढेच मी म्हणेन. थायरॉइडच्या दाहात ग्रंथीतून संप्रेरक अचानक सुटून काही आठवडे अशीच लक्षणे येऊ शकतात आणि तो दाह आपोआप शमतो. खात्री करायची तर अश्वगंधा पुन्हा देऊन पाहावी लागली असती, आणि ते करणे मला मान्य नव्हते. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी राष्ट्रीय यंत्रणा आहे. तिथे मी हे प्रकरण जवळच्या केंद्रामार्फत, 'संभाव्य' अशा नोंदीसह कळवले.

आज पाहता

पहिल्या भेटीतला प्रश्न मी आता बदलला आहे. 'औषधे कोणती' याऐवजी मी विचारते, "सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत अन्नाशिवाय पोटात काय काय जाते?" आणि मग काढा, चूर्ण, गोळी, कॅप्सूल, केसांचे, वजनाचे, घरातल्या कोणी दिलेले, असे एकेक नाव घेऊन थांबते. याला चार मिनिटे लागतात. पुण्यात आज क्वचितच असे घर असेल जिथे या यादीतले काहीच निघत नाही. थायरॉइड, फिट्स, मधुमेह, रक्तदाब किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर पिशवी पाहिल्याशिवाय मी वनस्पती लिहून देत नाही. ज्येष्ठमधासारखी घराघरातली गोष्टही रोज आणि बरीच घेतली तर रक्तदाब वाढवते आणि पोटॅशियम उतरवते.

फॅमिली डॉक्टरांना मी पहिल्या दिवशी दूरध्वनी केला असता तर एक आठवडा वाचला असता. आपल्याकडे वैद्य आणि डॉक्टर एकाच रुग्णाचे दोन अर्धे कागद सांभाळत बसतात. त्या अर्ध्या तासाच्या बोलण्यात मला कमीपणा आला नाही, त्यांनाही आला नाही. पुढे दोन रुग्णांच्या बाबतीत त्यांनीच मला आधी विचारले.

शेवटच्या भेटीत श्रीमती अ. यांनी विचारले की अश्वगंधा आता कायमची बंद का. मी सांगितले की थायरॉक्सिन चालू आहे तोवर माझ्याकडून तरी हो, आणि कधी कोणी दिलीच तर सुरू करण्यापूर्वी आणि सहा आठवड्यांनी टीएसएच करून घ्या. जायफळाचे दूध मात्र चालू राहील का, असे सासूबाईंनी विचारले. आठवड्यातून दोनदा, पाच वेढे, असे मी केसपेपरवर लिहून दिले.